अळवावरचे पाणी : पाहिले आपण, मोजले त्यांनी

पावसाळ्यात परसातल्या अळूवर पडलेला थेंब पानावर ठरत नाही. पाऱ्यासारखा गोळा होतो, डोलतो आणि पान जरासे हलले की निसटून जातो. मराठी माणसाने हे दृश्य पिढ्यान् पिढ्या पाहिले आणि क्षणभंगुर गोष्टीसाठी ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार भाषेत रुजवला. त्याच्याही कितीतरी आधी गीतेच्या पाचव्या अध्यायात, कर्म करूनही त्याने लिप्त न होणाऱ्या माणसासाठी कमळाच्या पानाचीच उपमा योजली गेली. म्हणजे पाणी या पानांना चिकटत नाही, हे आपल्या अध्यात्मालाही ठाऊक होते आणि अळूवड्यांसाठी पाने धुणाऱ्या गृहिणीलाही. ठाऊक नव्हते ते एकच : ते का चिकटत नाही?

हा ‘का’ विचारला गेला तो जर्मनीत. विल्हेल्म बार्थलॉट हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात वनस्पतींचे वर्गीकरण करण्यासाठी पानांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. हे काम करताना त्यांच्या ध्यानात एक विपरीत गोष्ट आली. गुळगुळीत पाने तपासण्यापूर्वी स्वच्छ करावी लागत. खडबडीत पृष्ठभागाची पाने मात्र मुळातच स्वच्छ असत. सामान्य समजूत याच्या नेमकी उलट आहे. गुळगुळीत ते स्वच्छ आणि खरखरीत ते मळकट, असेच आपण धरून चालतो. बार्थलॉट यांनी हा विरोधाभास सोडला नाही. कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर त्याहून कितीतरी बारीक अशा मेणाच्या कांड्या असतात. थेंब या टोकांवर टेकतो आणि त्याच्याखाली हवा अडकून राहते. त्यामुळे तो पसरत नाही, गोल राहतो आणि घरंगळतो. धुळीचे कणही पानावर असेच वरच्यावर टेकलेले असतात. घरंगळणारा थेंब त्यांना उचलून नेतो. पान स्वतःच स्वतःला धुते. बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी ख्रिस्टोफ नाइनह्यूस यांचा यावरचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच ‘पवित्र कमळ’ हे शब्द होते. त्यांनी तपासलेल्या वनस्पतींत आपला अळूही होता. पुढे ‘लोटस इफेक्ट’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले आणि १९९९ मध्ये याच तत्त्वावरचा इमारतींच्या बाह्य भिंतींचा रंग युरोपच्या बाजारात आला. पाऊस पडला की भिंत धुऊन निघते, हा त्याचा गुण.

दर पावसाळ्यात भिंती काळवंडतात त्या आपल्या. शेवाळ चढते ते मुंबई-कोकणातल्या इमारतींवर. अळू उगवतो तो आपल्या परसात, कमळ फुलते ते आपल्या तळ्यांत. रंग मात्र जर्मनीत तयार झाला. याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या विषादाचे रूपांतर आपण कशात करतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे अशा वेळी एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते : ‘हे तर आमच्याकडे आधीच होते.’ या उद्गाराचा उगम आत्मसन्मानात आहे, हे मान्य केले पाहिजे. दीडशे वर्षांच्या पारतंत्र्याने ज्या समाजाला ‘तुमच्याकडे काहीच नव्हते’ असे पढवले, त्या समाजाने ‘आमच्याकडे सर्व काही होते’ असे म्हणणे ही त्या पढवण्यावरची प्रतिक्रिया आहे. पण प्रतिक्रिया म्हणजे उत्तर नव्हे. कमळाचे पान भिजत नाही, हे सांगणारी उपमा आणि ते का भिजत नाही, हे सांगणारे मापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपमेने माणसाचे मन घडते. मापनाने वस्तू घडते. दोन्हींची गरज आहे, पण एकीचे काम दुसरीकडून करून घेता येत नाही.

या ठिकाणी हळदीच्या पेटंटची आठवण होणे अपरिहार्य आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबावर युरोपात दिले गेलेले पेटंटही २००० मध्ये रद्द ठरले आणि त्यावरचे अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. या दोन्ही लढायांचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा. परंतु त्या का जिंकता आल्या, हेही समजून घेतले पाहिजे. हळदीच्या बाबतीत आपण केवळ ‘आमची आजी जखमेवर हळद लावत असे’ एवढेच सांगून थांबलो नाही. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला निबंध असे लेखी पुरावे आपण पुढे ठेवले. कोणती वस्तू, कशावर, कशासाठी वापरायची, हे नोंदलेले होते. म्हणून न्याय मिळाला. त्यातूनच धडा घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले.

कमळाच्या बाबतीत असा दावा जगातल्या कोणत्याही पेटंट कार्यालयात टिकणार नाही. कारण भिंतीच्या रंगात तसा सूक्ष्म खडबडीतपणा कसा आणायचा, हे आपल्या कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही, आणि ते असण्याचे कारणही नव्हते. २००२च्या जैवविविधता कायद्याने आपल्या वनस्पती आणि त्यांच्याविषयीचे ज्ञान यांना संरक्षण दिले, हे योग्यच झाले. मात्र एखाद्या वनस्पतिउद्यानातील कमळाचे पान पाहून कुणाला काही सुचले, तर त्या सुचण्यावर कोणताही कायदा कुंपण घालू शकत नाही. हळदीची लढाई पोथीने जिंकली. कमळाची लढाई फक्त प्रयोगशाळेत जिंकता येते. हा भेद आपल्या अभिमानी मंडळींनी जितक्या लवकर ध्यानात घ्यावा तितके बरे.

निसर्गातील रचनांपासून तंत्र शिकण्याच्या या विद्येला आज ‘बायोमिमिक्री’ म्हणतात. मराठीत तिला जैवानुकरण म्हणता येईल. जॅनिन बेनयस या अमेरिकन लेखिकेच्या १९९७ मधील पुस्तकामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला. परंतु शब्द नवा असला तरी वृत्ती जुनी आहे. जॉर्ज द मेस्ट्राल हा स्वित्झर्लंडमधील अभियंता १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन रानात फिरून आला. कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या कपड्यांना चिकटलेली काटेरी बोंडे त्याने उपटून फेकली नाहीत, तर सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काट्यांच्या टोकांना आकडे होते. त्यातून ‘वेल्क्रो’ ही चिकटपट्टी जन्मली. आपल्यापैकी कोण रानातून हिंडून आल्यावर धोतराची, पँटची कुसळे काढत बसलेले नाही? बोंड सर्वांनाच चिकटते, पण त्यातले शास्त्र तपासणाऱ्यालाच गवसते.

जपानच्या बुलेट ट्रेनची गोष्ट याहून बोधप्रद आहे. ओसाका ते हाकाता या मार्गाचा सुमारे निम्मा भाग बोगद्यांतून जातो. वेगाने येणारी गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाई आणि दुसऱ्या तोंडातून तोफेसारखा आवाज करीत बाहेर पडे. आसपासच्या वस्त्या त्रस्त होत. एइजी नाकात्सू हे तेथील रेल्वेचे अभियंते पक्षिनिरीक्षणाचे व्यासंगी होते. त्यांनी प्रश्न मांडला : विरळ माध्यमातून घन माध्यमात वेगाने शिरणारा, तरीही धक्का न बसणारा जीव कोणता? हवेतून पाण्यात सूर मारणारा खंड्या! गाडीच्या नाकाचे नाना आकार नळ्यांतून सोडून चाचण्या घेतल्या, तेव्हा सर्वांत सरस ठरलेला आकार खंड्याच्या चोचीशी जुळणारा निघाला. १९९७ मध्ये धावू लागलेल्या ‘५०० मालिके’च्या गाडीचे नाक १५ मीटर लांब होते, वेग ताशी ३०० किलोमीटर. आधीच्या गाडीच्या तुलनेत हवेचा दाब ३० टक्क्यांनी आणि विजेचा वापर १५ टक्क्यांनी घटला. छतावरून वीज घेणाऱ्या सांगाड्याचा आवाज कमी करण्यासाठी त्यांनी घुबडाच्या पिसांची दातेरी कड अभ्यासली. घुबड उडते तेव्हा आवाज होत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे.

मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान रेल्वेमार्गाची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. जपानी तंत्रज्ञानावर आधारलेल्या या मार्गावर मुंबईजवळ २१ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. म्हणजे जपानने जो प्रश्न सोडवला, तोच प्रश्न आता आपल्या दारी येणार आहे आणि आपण त्याचे उत्तर आयात करणार आहोत. तंत्रज्ञान घेण्यात कमीपणा नाही. जपाननेही एके काळी सर्वांकडून घेतले. पण विहिरीवरच्या तारेवर बसलेला खंड्या आपल्या अभियंत्यालाही रोज दिसतो. त्याला तो पक्षी अभियांत्रिकीच्या अभ्यासाचा भाग वाटत नाही, हे मात्र कमीपणाचे आहे.

तीच कथा पालीची. सिंहगडाच्या कड्यावर घोरपड चढवल्याची लोककथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती ग्राह्य मानलेली नाही. पण घोरपड नखांनी खडक पकडते, एवढे निरीक्षण तिच्यामागे आहे. गुळगुळीत भिंतीवर नखे चालत नाहीत. तेथे पाल चालते. अंगावर पडली तर शुभ की अशुभ, याचे शास्त्र आपण रचले. ती छतावरून पडत का नाही, याचे शास्त्र केलर ऑटम आणि रॉबर्ट फुल यांच्या चमूने २००० मध्ये मांडायला आरंभ केला. टोके जातीच्या पालीच्या एकेका पायावर सुमारे ५ लाख सूक्ष्म रोम असतात आणि प्रत्येक रोमाचे टोक शेकडो तंतूंत विभागलेले असते. हे तंतू पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधील क्षीण आकर्षणच लाखो पटींनी साठून पालीचा भार पेलते. डिंक नाही, चूषक नाही. आणि पाऊल वाकवले की लगेच सुटते. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम यांनी २००३ मध्ये या तत्त्वावरची फीत बनवली. याच गाइम यांनी पुढच्याच वर्षी कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांच्यासह ‘ग्राफीन’ हा एका अणूएवढ्या जाडीचा कार्बनचा पदर वेगळा केला आणि २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळाले. ग्राफीन पालीपासून निघाले नाही. पण पालीकडे कुतूहलाने पाहणारी दृष्टी आणि पेन्सिलीच्या शिशाकडे कुतूहलाने पाहणारी दृष्टी एकच होती. शिशावर साधी चिकटपट्टी लावून ती पुनःपुन्हा सोलत जाणे, ही त्यांची पद्धत होती.

नव्या पदार्थांच्या शास्त्राला निसर्ग जो धडा देतो तो आकारापुरता नाही. चुनखडी हातोडीच्या एका घावाने फुटते. शिंपल्याच्या आतला मोत्यासारखा चमकणारा थर हाही बहुतांशी तोच कॅल्शियम कार्बोनेट, पण तो सहजी तडकत नाही. कारण तेथे खनिजाच्या अतिसूक्ष्म फरश्या विटांसारख्या सांधे चुकवून रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनाचा पातळ लेप असतो. तडा गेला तरी त्याला प्रत्येक फरशीला वळसा घालावा लागतो आणि तो दमून थांबतो. म्हणजे बळ केवळ पदार्थात नसते, रचनेत असते. कोळ्याचा धागाही हेच सांगतो. ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेला केवलार हा बुलेटप्रूफ जाकिटांचा धागा कातण्यासाठी तीव्र गंधकाम्ल लागते. कोळी मात्र आपला चिवट धागा साध्या तापमानाला, पाण्यात विरघळलेल्या प्रथिनातून कातून काढतो आणि जुने जाळे खाऊन पुन्हा वापरतो. माणसाचा कारखाना तापवतो, दाबतो, आम्लात बुडवतो. निसर्ग पाणी, हवा आणि सावकाशी एवढ्यावर भागवतो. ज्या देशात पाणी कमी, वीज महाग आणि नद्या कारखान्यांच्या सांडपाण्याने काळ्या झालेल्या आहेत, त्या देशाला या धड्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे.

रंगाचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे ज्याला नीलकंठ किंवा चास म्हणतात, त्या पक्ष्याच्या पंखांतल्या निळाईत निळा रंगद्रव्याचा कणही नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातील निळा भाग तेवढा परत फिरतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३०च्या दशकात बंगळुरूला नेमका याच पक्ष्याच्या पिसांचा अभ्यास केला होता. शिंपल्यांच्या झळाळीवरही त्यांनी निबंध लिहिले. पुढे जपानच्या तेइजिन कंपनीने फुलपाखराच्या पंखांच्या धर्तीवर पातळ थरांचा एक धागा बनवला, ज्याला रंगवण्याची गरजच नव्हती. हा धागा व्यापारात फार काळ टिकला नाही. तथापि पंचगंगेच्या काठी कापडाच्या रंगकामाच्या सांडपाण्याने काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘रंगाशिवाय रंग’ या कल्पनेचे मोल वेगळे सांगायला नको.

रामन यांचे नाव मुद्दाम घेतले. निरीक्षण करून मापन करण्याची वृत्ती आपल्या रक्तातच नाही, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दुसरे उत्तर किहीमला आहे. अलिबागजवळच्या या गावी १९३० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे चिकाटीने निरीक्षण केले. आपल्या भाषेने या पक्ष्याला ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव दिले, कारण इतके सुबक घर बाईच बांधू शकेल असे आपण गृहीत धरले. सालिम अलींच्या नोंदींनी दाखवून दिले की विणकाम नर करतो. अर्धवट विणलेले घरटे मादी येऊन पाहते, पसंत पडले तर ताब्यात घेते, आणि मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो. कौतुक करणारे हजारो होते. बसून नोंदणारा एक निघाला.

तिसरे उत्तर अलीकडचे आहे आणि ते पुण्याचे आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१च्या सुमारास बुरशीकडून सोन्याचांदीचे अब्जांश कण घडवून घेतले. २००४ मध्ये याच प्रयोगशाळेने गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे पातळ, त्रिकोणी कण तयार केल्याचा निबंध ‘नेचर मटेरियल्स’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असे कण रासायनिक मार्गाने करताना जी द्रव्ये लागतात, त्यांची जागा येथे आपल्या अंगणातल्या पातीने घेतली. सर्दीपडशाला आपण ज्याचा काढा करतो, तो गवती चहा! या संशोधकांनी ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हटले नाही आणि ‘आपल्याकडे काय आहे?’ असेही म्हटले नाही. त्यांनी पाती कुटली, अर्क काढला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि जे दिसले ते लिहिले. स्वाभिमानाचे इतके निरोगी रूप दुसरे कोणते असेल?

तेव्हा प्रश्न बुद्धीचा नाही आणि परंपरेचाही नाही. प्रश्न सातत्याचा आहे. बार्थलॉट यांच्या पहिल्या निरीक्षणापासून रंगाचा डबा बाजारात येईपर्यंत वीसहून अधिक वर्षे गेली. एवढा काळ एका माणसाला पानांकडे पाहत बसू देणारी व्यवस्था तेथे होती. आपल्याकडे तीन वर्षांचा प्रकल्प, दर वर्षी उपयोग-प्रमाणपत्र आणि शेवटी ‘यातून देशाला काय मिळाले?’ हा प्रश्न, अशी रीत आहे. हा प्रश्न गैर नाही. पण तो पेरणीच्या दुसऱ्या दिवशी विचारला तर शेतकरीही निरुत्तर होईल.

दुसऱ्या बाजूचे इशारेही नोंदवले पाहिजेत, नाहीतर आपण एका भाबडेपणातून दुसऱ्यात शिरू. कॅनडातील नेक्सिया कंपनीने शेळ्यांच्या दुधात कोळ्याच्या धाग्याचे प्रथिन उतरवले, जगभर वाहवा मिळवली, आणि २००९ मध्ये तिचे दिवाळे निघाले. प्रथिन मिळाले तरी ते कोळ्यासारखे कातता येणे ही वेगळीच विद्या आहे. झिंबाब्वेच्या हरारे शहरात मिक पिअर्स या वास्तुविशारदाने १९९६ मध्ये वाळवीच्या वारुळावरून स्फूर्ती घेऊन ‘ईस्टगेट’ ही इमारत उभी केली. ती नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय थंड राहते. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की वारुळातली हवा प्रत्यक्षात वेगळ्याच रीतीने खेळते. इमारत चालते, पण वारुळाविषयीची समजूत अपुरी होती. तात्पर्य, निसर्गाचे नाव घेतल्याने कोणतेही तंत्र आपोआप पवित्र होत नाही. तेही तपासावे लागते, मोजावे लागते आणि प्रसंगी टाकावे लागते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट शिक्षणाची. आपल्याकडे दहावीनंतर जीवशास्त्र घेणारा मुलगा वैद्यकाच्या रांगेत आणि गणित घेणारा अभियांत्रिकीच्या रांगेत उभा राहतो. पुन्हा त्यांची भेट होत नाही. जैवानुकरण ही या दोघांच्या भेटीची जागा आहे. पुण्यासारख्या शहरात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि त्याचा वनस्पतिसंग्रह आहे. मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि तिचा प्राण्यापक्ष्यांचा नमुनासंग्रह आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी या संग्रहांकडे का पाठवू नये? इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रकल्पांपेक्षा एका पिसाचे, एका बीचे, एका कवचाचे प्रामाणिक मोजमाप अधिक शिकवील.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. मूळ ग्रंथच नष्ट झाला तर वाचणार काय? २०१२ मध्ये ‘युनेस्को’ने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच्याही कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले होते की गावकऱ्यांच्या श्रद्धेने राखलेल्या या छोट्या वनांत असे वृक्ष-वेली टिकून आहेत, जे भोवतालच्या रानातून नाहीसे झाले. हा परंपरेचा खरा आणि मोजता येणारा विजय आहे. ज्या पूर्वजांनी देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबवली, त्यांना पानाच्या मेणाचे गणित माहीत नव्हते; पण ते पान शिल्लक ठेवण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. आज अनेक ठिकाणी देवराई तोडून सिमेंटचे मोठे मंदिर आणि सभामंडप बांधण्याची हौस दिसते. देव तोच राहतो, राई जाते. भक्तीच्या नावाने होणारी ही तोड आपणच थांबवली पाहिजे, कारण बाहेरच्या कुणी सांगितले तर ते आपल्याला खुपते. तोडलेल्या राईतल्या कोणत्या सालीत, कोणत्या किड्याच्या पंखात उद्याच्या पदार्थाचे सूत्र होते, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या बोलण्याची. ‘आमच्याकडे होते’ हे वाक्य यापुढे उच्चारायचे असेल तर त्याला एक पुस्ती जोडावी : ‘...आणि आम्ही त्यावर हे काम केले.’ पुस्ती जोडता येत नसेल तर पहिले वाक्यही तूर्त बाजूला ठेवावे. उपमा देणाऱ्या पूर्वजांचा मान त्यातच आहे. त्यांनी डोळे उघडे ठेवून पान पाहिले म्हणून त्यांना ती उपमा सुचली. आपण पान न पाहता फक्त उपमा पाठ म्हणत राहिलो, तर आपण त्यांचे वारस ठरत नाही, केवळ लेखनिक ठरतो.

येत्या पावसाळ्यातही अळूवर थेंब नाचेल. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलगी त्या पानाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वहीत आकडे लिहू लागली, तर तिला ‘परीक्षेला हे येणार नाही’ असे सांगू नये, एवढी अपेक्षा तिच्या प्राध्यापकांकडून आहे. आणि तिच्या वहीला पुढची वीस वर्षे पुरेल एवढा धीर आणि पैसा ठेवावा, ही अपेक्षा शासनाकडून, उद्योगांकडून आणि आपणा सर्वांकडून आहे.